पाठीला लावलेला कान

आमच्या घरात तिन्हीसांजेला दिव्याआधी शेगडी पेटायची. आत्याबाई निखारे फुलवायच्या, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली आणि चिमूटभर धूप टाकायच्या आणि माझ्या शैलाला उघडी करून त्या धुरावर धरायच्या. आधी पाठ, मग छाती, मग तळपाय. दारं-खिडक्या घट्ट बंद. खोलीत इतका धूर व्हायचा की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसेनासं व्हायचं. पोर खोकायची, डोळे चोळायची, आणि आत्याबाई समाधानाने म्हणायच्या, "बघ, कफ सुटता." मलाही ते पटायचं. का पटू नये? माझ्या आईने मला अशीच धुरी दिली होती, तिच्या आईने तिला. आमच्या चाळीत बाळ आहे आणि धुरी नाही असं एकही घर नव्हतं.

आत्याबाई म्हणजे आमच्या ह्यांची आत्या. मालवणकडच्या. ऐन तारुण्यात नवरा गेला तशा भावाकडे परत आल्या, आणि पुढे भावजय वारली तेव्हा तिचं पोर, म्हणजे आमचे हे, त्यांनीच वाढवलं. साठ सालानंतरची गोष्ट. आम्हाला घाटकोपरला हाउसिंग बोर्डाच्या चाळीत खोली मिळाली, शैला झाली, आणि वॉर्ड ऑफिसातली टायपिस्टची नोकरी मला सोडायची नव्हती. ह्यांनी गावाला निरोप धाडला. लागलीच आत्याबाई एक ट्रंक, फणसपोळीची साटं आणि ती शेगडी घेऊन दारात हजर. हे म्हणाले, अगं आत्या, शेगडी कशाला उचलून आणलीस, मुंबईत शेगड्या मिळत नाहीत का? त्यावर त्या म्हणाल्या, "मुंबई माका शिकवू नको," आणि थेट स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. तिथून त्या पुढे उठल्याच नाहीत म्हणा ना.

बुटक्या, काटक, नऊवारीचा ओचा कमरेला घट्ट. आवाज असा की आम्ही खोलीत साधं बोलत असलो तरी खाली नळावर वाटायचं वर भांडण चाललंय. शैलावर मात्र त्यांचा जीव होता. ती रांगायला लागली तशा ह्या तिच्यामागे रांगायच्या. तिला भरवल्याशिवाय स्वतः घास घ्यायच्या नाहीत. शैला त्यांना आजीच म्हणायची. खरं सांगते, कधीकधी मला हेवा वाटायचा. संध्याकाळी दमून घरी यावं तर पोर माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

शैला तीन वर्षांची असताना पहिल्यांदा तिला दम लागला. सर्दी झाली होती, त्यात काय एवढं, असं म्हणता म्हणता पोरीचे खांदे वर चढले, गळ्याखाली श्वासागणिक खड्डा पडायला लागला. पाणी मागायला तोंड उघडलं तर 'पा' म्हणून थांबली, पुढचं अक्षर निघेना. ज्याने हे बघितलं नाही त्याला काय सांगायचं? आपलं पोर समोर बसलंय, डोळे आपल्यावर लावून बसलंय, हवा सगळीकडे भरून राहिलीय आणि ती त्याला मिळत नाही. आपण आई असून काही करू शकत नाही.

तिथून आमच्या हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्या. टांगा मिळाला तर टांगा, नाही तर कडेवर घालून पळायचं. कातडीखाली इंजेक्शन, नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताच्या शिरेतून सावकाश सोडलेलं औषध. दोन दिवसांनी पोर हसत घरी यायची. पंधरवडा जेमतेम जायचा की पुन्हा तेच. वॉर्डातली आयाबाई आम्हाला दारात बघितलं की न विचारता खाट झटकायला घ्यायची. शैलाला तिथल्या सिस्टरांची नावं पाठ झाली होती. शेजारची पोरं घर-घर खेळायची तेव्हा ही बाहुलीला इंजेक्शन टोचायची. ते बघून मी मोरीत जाऊन रडले आहे.

उपाय करायचं काही ठेवलं नाही. केळं बंद, दही बंद, पेरू बंद, अंघोळ एक दिवसाआड. ताईत झाला. कुणीतरी सांगितलं म्हणून एका माणसाकडे जिवंत मासळी गिळवायला नेलं, तर पोरीने ती माझ्या पदरात ओकली. ऑफिसात माझी रजा संपली, ह्यांची कंपनीतली पाळी बदलती, दोघांचीही डोकी सदानकदा तापलेली. मला सगळ्यांचा राग यायचा. देवाचा यायचा, डॉक्टरांचा यायचा, धडधाकट पोरांच्या आयांचा तर फारच यायचा. एकदा शेजारीण सहज म्हणाली, बिचारी किती वाळलीय हो तुमची शैला, तर मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

हॉस्पिटलातून घरी सोडताना गोळ्या द्यायचे. दम लागेलसा वाटला की अर्धी गोळी मधातून द्या, म्हणून सांगायचे. पण ती गोळी दिली की शैलाचे हात थरथरायचे, काळीज धडधडायचं. आत्याबाईंना ते बघवायचं नाही. "असली गोळी माझ्या शत्रूक नको," म्हणून त्या पुडी फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून द्यायच्या. दिवसभर शैला त्यांच्याच ताब्यात. दम लागला की आधी शेगडी, मग तेल-मिठाचा शेक, मग देवाला गाऱ्हाणं, आणि पोरीचे ओठ काळवंडायला लागले की मग गोळी. तोवर ती गोळी तरी काय करणार? आणि बरं वाटायला लागलं की सगळं औषध त्याच दिवशी बंद. ह्यात मीही आत्याबाईंच्याच बाजूची होते. बरी आहे तर औषध कशाला, असं सगळ्यांसारखं मलाही वाटायचं.

मग त्या वॉर्डात डॉक्टर परेराबाई आल्या. कुर्ल्याच्या गावठाणातल्या ख्रिश्चन, घरात मराठीच बोलणाऱ्या. बोलणं एक घाव दोन तुकडे. शैलाचे जुने कागद चाळून त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, की पोरगी इथं येते तेव्हा आम्ही काय करतो ते मला ठाऊक आहे, मधल्या दिवसांत तुम्ही घरी काय करता ते सांगा. मी सगळं सांगितलं. पथ्य सांगितलं, ताईत दाखवला, आणि शेवटी जरा अभिमानानेच म्हटलं की रोज संध्याकाळी न चुकता धुरी असते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "धुरी? हिला?"

मी मान हलवली.

"माझ्या आईनेही दिलीय मला," त्या म्हणाल्या. "धडधाकट छातीला चालून जातं ते. हिच्या छातीतल्या नळ्या धूर लागला की आवळतात. तुम्ही रोज संध्याकाळी तिचा गळा दाबताय आणि सकाळी आमच्याकडे सोडवायला आणताय. हे बघा, इथं आम्ही फक्त जीव वाचवतो. दमा सांभाळायचा तो घरात."

मग त्यांनी एकेक करून सांगितलं. धूप, उदबत्ती, डासांचा धूर, सगळं बंद. कापसाची जुनी गादी काढून टाका, चटईवर धुतलेली चादर घाला. केळं खाऊ दे, अंघोळ रोज घाला, खेळायला सोडा. आणि गोळी शेवटी नाही, सगळ्यात आधी. एक औषध तर बरी असतानासुद्धा रोज द्यायचं, कारण ते बरी ठेवण्यासाठीच आहे. ऐकताना सगळं सोपं वाटत होतं. पण मला घरी जाऊन हे आत्याबाईंना सांगायचं होतं.

काय कांड झालं म्हणून सांगू! आत्याबाईंनी आधी ऐकून घेतलं, मग ताट बाजूला सारलं. ह्यांच्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्येका मी धुरी दिलंय म्हणून हो जगलो. माझ्या हातान चेडू मरता म्हणतास?" चेडू म्हणजे त्यांच्याकडे पोरगी. मी समजवायला गेले तर म्हणाल्या, त्या डॉक्टरणीला पोर आहे का एखादं? देवाला धूप नको, उदबत्ती नको, उद्या म्हणशील देवच नको. दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच शेगडी धुऊन पुसून खाटेखाली सारली. देवापुढे बसून त्याला सांगितलं, की थोडे दिवस धुराशिवाय काढ, चेडू बरी झाली की बघू. मला म्हणाल्या, झालं समाधान?

महिनाभर पोर बरी होती. मी जरा माणसात आले. मग एका शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाने सुटलं, मी भाजी घेऊन जिना चढले, तर आमच्या खोलीचं दार आतून बंद आणि फटीतून धूर.

मी दार किती जोरात ठोठावलं असेन! आत्याबाईंनी उघडलं. शैला चटईवर दोन्ही हात टेकून बसली होती. मान पुढे, ओठ निळे. तिने माझ्याकडे बघितलं आणि पायाने शेगडी दूर लोटायचा प्रयत्न केला. बोलता येत नव्हतं तिला, म्हणून पायाने. आत्याबाई नुसत्या म्हणत होत्या, गोळी दिली होती गो, गोळी दिली होती, काय फरक पडेना, मग मी काय करणार होते. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोरीला उचलून धावत सुटले. अनवाणी आत्याबाई माझ्यामागे.

हॉस्पिटलात शैलाला आत घेतलं आणि आम्ही दोघी बाकावर बसलो, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. ही बाई माझ्या घरातून गेलेली बरी, असंच त्या घटकेला वाटत होतं. बऱ्याच वेळाने परेराबाई बाहेर आल्या. पोरगी वाचली म्हणाल्या. आत्याबाई उठून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "माझ्या धुरीन?"

दुसरी कुणी असती तर म्हातारीचं मन राखलं असतं. ह्या बाई म्हणाल्या, "हो आजी."

आत्याबाईंनी ते घेतलं. रडल्या नाहीत. हात मात्र एकमेकांत घट्ट धरले होते. मग म्हणाल्या, "गोळी दिल्यावर ती लागू पडाक वेळ जाता. तेवढो वेळ मी काय करू? चेडू तडफडता आणि मी नुसती बघत रवू? माझे हात रवनत नाय, डॉक्टरणी."

आजपर्यंत हा प्रश्न आम्हाला कुणाला सुचला नव्हता. सगळे त्यांना 'हे करू नका' सांगत होतो. परेराबाईंनी हाताला धरून त्यांना आत शैलाच्या खाटेपाशी नेलं, पोरीला पुढे वाकवून बसवलं आणि आत्याबाईंचं डोकं धरून त्यांचा कान शैलाच्या पाठीला लावला, खांद्याच्या हाडाखाली. काय ऐकू येतं, म्हणून विचारलं.

"शिटी," आत्याबाई म्हणाल्या. "बारीक शिटी वाजता."

"हे तुमचं काम," बाई म्हणाल्या. "रोज सकाळ-संध्याकाळ कान लावायचा. शिट्टी अशी बारीक असतानाच गोळी. मोठी व्हायची वाट बघायची नाही. गोळी दिली की पोरीला असं पुढे झुकवून बसवायचं आणि पुन्हा कान लावून ऐकत राहायचं. शिट्टी कमी होतेय का वाढतेय, एवढंच. हात थरथरतील तिचे, थरथरू देत, त्याने काही होत नाही. वाढली तर मात्र सरळ इकडे." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "अजून एक ऐका. पोर धापा टाकतेय आणि शिट्टी एकदम बंद झाली, तर खूश व्हायचं नाही. शिट्टी वाजायलासुद्धा आत वारा जावा लागतो. वाराच जात नसला तर काही वाजणार नाही. तेव्हा एक क्षण घरात थांबायचं नाही."

मला वाटलं होतं, होईल चार दिवस नि विसरतील. पण आत्याबाईंनी ते व्रतासारखं धरलं. सकाळी चहाआधी कान, संध्याकाळी दिव्याआधी कान. शैला पळायची, ओरडायची, आजी गुदगुल्या होतात म्हणायची. "गप रव," म्हणून त्या तिला गुडघ्यात पकडायच्या. अख्ख्या चाळीला दम दिला होता त्यांनी, की माझा कान लागलेला असताना रेडिओ मोठा करायचा नाही. शेजारीण मिरच्या भाजायला बसली की ह्या पदर खोचून गॅलरीत. तिला तवा घेऊन गच्चीवर पाठवल्याशिवाय माघारी यायच्या नाहीत. एकदा शाळेच्या फाटकातच शैलाला अडवून कान लावला आणि तिथल्या तिथे कनवटीची गोळी खायला घातली. शाळेतल्या बाई बघत राहिल्या, शैला लाजून लाल. पण शिट्टी होती. पोरीला स्वतःला कळायच्या आधी त्यांना कळलेलं असायचं.

वाऱ्या कमी झाल्या. पंधरवड्याचा महिना झाला, महिन्याचे तीन-चार झाले. वॉर्डातली आयाबाई मला बाजारात भेटली तर कचरतच विचारलं तिने, पोरगी आहे ना, म्हणून. आहे म्हटलं, चौथीत आहे. तरी मी निर्धास्त झाले नव्हते. दमेकऱ्याची आई कधी निर्धास्त होत नाही. घरात पोर जरा खोकली की माझ्या हातातलं भांडं तसंच राहायचं आणि मी आत्याबाईंच्या तोंडाकडे बघायचे. त्यांनी मान हलवली की माझा श्वास सुटायचा.

मग ती दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाचा दिवस. फटाक्यांचा धूर दुपारपासूनच चाळीत कोंडलेला. आम्ही दारं-खिडक्या लावून, फटीत ओली फडकी कोंबून शैलाला आत ठेवलं होतं, पण किती ठेवणार? दुपारी शिट्टी सुरू झाली. गोळी दिली, तासाभराने बरं वाटलं, पुन्हा चढलं. संध्याकाळी शिट्टी इतकी मोठी की कान लावायची गरज नव्हती. हे टांगा शोधायला स्टेशनकडे गेले होते. मी पूजेचं ताट तसंच टाकून बसले होते. आणि मग एकाएकी शिट्टी थांबली. शैला शांत झाली, डोळे मिटायला लागली. मी देवाला हात जोडले. म्हटलं, उतरलं बाई एकदाचं, झोप लागतेय पोरीला. उठून दिवा लावायलाही गेले.

आत्याबाईंनी कान लावला. काढला. दुसऱ्या बाजूला लावला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या हातातली काडी विझली.

"शिटी नाय," त्या म्हणाल्या. "वारोच नाय गो आत. धाव!"

त्यांनीच तिला उचललं. साठी उलटलेली बाई, आणि नऊ वर्षांची पोर. जिन्यात पोरं अनार लावत होती, ती बाजूला झाली. टांग्याची वाट बघितली नाही. चौकात एका टॅक्सीपुढे आत्याबाई पोरीला घेऊन सरळ रस्त्यात उभ्याच राहिल्या. त्या टॅक्सीत मी शैलाचं नाव घेत होते आणि ती डोळे उघडत नव्हती. ते मला आजही नीट सांगता येत नाही. हॉस्पिटलात परेराबाई ड्यूटीवर होत्या, एवढं आमचं नशीब. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचेही डोळे सुजलेले होते. आत्याबाईंच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, की आजी, थोडा आणखी उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते.

मी आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. आमच्यात तोवर कितीतरी वेळा खटके उडाले होते, मनात मीही बरंच काही धरून बसले होते. त्या म्हणाल्या, "रडा नको. चाय आण माका."

शैला मोठी होत गेली तसा दमा सैल पडत गेला. तसा पडतो पुष्कळांचा, असं परेराबाई म्हणाल्याच होत्या. नवीन औषधंही आली. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर तिला हॉस्पिटल म्हणून माहीत नाही. शाळेत लंगडी खेळायची, धावायची. आता सुख यायला हवं होतं ना? पण तेव्हाच आत्याबाईंचे कान गेले.

आधी आमच्या लक्षात आलं नाही. त्यांचा आवाज मुळातच मोठा, तो आणखी मोठा झाला एवढंच. मग एका संध्याकाळी नेहमीसारखा त्यांनी शैलाच्या पाठीला कान लावला. शैला पुस्तक वाचत बसलेली, ठणठणीत. आत्याबाईंनी कान काढला, दुसऱ्या बाजूला लावला, आणि त्यांचा चेहरा त्या दिवाळीसारखा झाला. "वारोच नाय!" म्हणून त्या ओरडल्या आणि पोरीला हाताला धरून दाराकडे ओढायला लागल्या. आम्ही आधी हसलो. शैला म्हणाली, अगं आजी, मी बरी आहे. त्यांना ते कुठे ऐकू येत होतं! त्यांना फक्त एकच ऐकू येत होतं, की काही ऐकू येत नाही. आणि त्याचा अर्थ काय ते त्यांनी एकदा बघितलेलं होतं.

मग रोज तेच. समजावून झालं, खुणा करून झालं, लिहून दाखवावं तर त्यांना वाचता येत नव्हतं. परेराबाईंकडे नेलं. त्यांनी कानाशी ओरडून सांगितलं की आजी, दोष तुमच्या कानात आहे, पोरीच्या छातीत नाही. आत्याबाईंनी मान डोलावली आणि संध्याकाळी पुन्हा शैलाला दाराकडे ओढलं. कानाचं यंत्र आणलं, तर त्यात नुसती खरखर, आणि खरखर म्हणजे त्यांच्या लेखी कफ. तेही काढून ठेवलं. शैला शाळेतून यायला उशीर झाला तर त्या जिन्यात जाऊन बसायच्या, अन्न शिवायच्या नाहीत. त्या वाळत चालल्या. म्हातारपणी जरा निवांत बसावं तर ही भीती त्यांना आतून खात होती. आणि आम्ही तिघं समोर असून काही करू शकत नव्हतो. मला तर ओरडायला यायचं. कधी ओरडायचेही. त्यांना ते ऐकू यायचं नाही.

शेवटी शैलानेच ते मिटवलं. तिची परीक्षा जवळ आलेली, आत्याबाईंनी पुन्हा कान लावलेला, पुन्हा तोंड पांढरंफटक. शैलाने वैतागून पुस्तक आपटलं, त्यांचा हात धरला आणि आपल्या बरगड्यांवर पंजा पसरून ठेवला. वरून स्वतःचा हात दाबून धरला. आणि मोठा श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला.

आत्याबाई किती वेळ तशा उभ्या होत्या! मग त्यांच्या तोंडावर हळूहळू रंग आला. "हलता," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "हलता गो, सुमन." त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

तिथून पुढे कान नाही, हात. शैला कॉलेजात जायला लागली तरी निघताना पाठ करून उभी राहायची आणि आल्यावरही. मैत्रिणी बरोबर असल्या तरी लाजायची नाही. त्या पंजा ठेवायच्या, 'हलता' म्हणायच्या, आणि मगच तिला सोडायच्या.

ती कॉलेजात गेली त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात आत्याबाईंना ताप आला. तापाने अशक्त झाल्या त्या पुन्हा उठल्याच नाहीत. हॉस्पिटल नको म्हणाल्या. तिथं आपण पुष्कळ राहून झालंय, म्हणाल्या. बोलणंही हळूहळू बंद झालं. दिवसभर कुशीवर पडून असायच्या आणि हात तेवढा चटईवर चाचपत राहायचा. तो कशासाठी चाचपतोय ते आम्हाला ठाऊक होतं. शैलाने कॉलेजला जायचं बंद केलं. ती त्यांच्याजवळ त्यांच्याकडे पाठ करून आडवी व्हायची आणि तो हात ओढून आपल्या बरगडीवर ठेवायची. मग हात निवायचा.

त्या दुपारीही दोघी तशाच पडल्या होत्या. शैला पुस्तक वाचत होती. मी उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होते. मध्येच मान वर करून बघितलं, आत्याबाईंचा हात संथ वरखाली होत होता. म्हटलं, आज स्वस्थ झोप लागलीय. चहा केला, त्यांच्यासाठी थोडा बशीत गार केला, जवळ जाऊन बसले. गालाला हात लावला.

मी शैलाला लगेच काही बोलले नाही. तिला कळलेलं नव्हतं, ती वाचत होती. आत्याबाई केव्हाच गेल्या होत्या. त्यांचा हात मात्र अजून वरखाली होत होता, शैला श्वास घेत होती म्हणून.